पृथ्वीची ओढ आणि आपले हृदय

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्तिनिधी, वधूवरांची नोंद आणि जमाखर्च हे विषय दरसाल यथासांग होतात. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. हृदयाविषयी बोलावयाचे म्हटले की तेल, तूप, मीठ, तंबाखू आणि चिंता यांचा समाचार घ्यावयाचा, असा परिपाठ आहे. आणि त्यात सांगितले जाते ते सर्व खरेही आहे. परंतु आज आम्ही आपले लक्ष एका निराळ्या गोष्टीकडे वेधणार आहोत. ही गोष्ट जन्मापासून क्षणभरही आपली पाठ सोडीत नाही आणि म्हणूनच ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती म्हणजे पृथ्वीची ओढ, शास्त्रीय भाषेत गुरुत्वाकर्षण. या ओढीचा आणि आपल्या रक्ताभिसरणाचा संबंध नीट उमगला, तर घरातील वडीलधाऱ्या मंडळींची शुश्रूषा आपण ज्या रीतीने करतो तिचा फेरविचार करावा लागेल, असे आम्हांस वाटते. आणि तेवढ्यासाठीच हा प्रपंच.

गिरगावातील किंवा लालबागेतील चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांस या विषयाचा पहिला धडा नव्याने शिकविण्याची गरज नाही. तळमजल्यावरच्या नळास धो धो पाणी येई आणि त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार लागे. पाण्याचा स्तंभ जितका उंच, तितका त्याच्या तळाशी दाब अधिक. आपल्या शरीरातील रक्तालाही हाच नियम लागू आहे. माणूस आडवा असतो तेव्हा डोके, हृदय आणि पाय हे सर्व जणू एकाच मजल्यावर राहतात. तो उभा राहिला की मस्तक वरच्या मजल्यावर जाते आणि पावले तळघरात. रक्ताच्या स्तंभाची उंची सुमारे तेरा सेंटिमीटरने बदलली की दाब पाऱ्याच्या दहा मिलिमीटरने बदलतो. यावरून हिशेब केला असता असे दिसते की, मध्यम उंचीचा माणूस निश्चल उभा असता त्याच्या मस्तकातील रक्तदाब हृदयाजवळच्या दाबाहून वीस-पंचवीस मिलिमीटरांनी कमी होतो, आणि घोट्यापाशी तो ऐंशी-नव्वदांनी वाढतो. उभे राहताक्षणी अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली उतरून पोटात व पायांत साठू लागते. याउपर काहीच तजवीज नसती, तर सकाळी अंथरुणातून उठणारा प्रत्येक मनुष्य घेरी येऊन पडला असता.

ही तजवीज निसर्गाने तीन ठिकाणी केली आहे. मानेतील व छातीतील मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाबाची खबर ठेवणारे पहारेकरी बसलेले आहेत. दाब उतरला की ते मेंदूस वर्दी देतात, आणि एकदोन ठोक्यांच्या अवधीतच हृदयाची गती वाढते व रक्तवाहिन्या आकसतात. दुसरी योजना नीलांतील झडपांची. हृदयाकडे जाणारे रक्त पुढे जाऊ द्यावयाचे, मागे येऊ द्यावयाचे नाही, हे त्यांचे काम. इंग्लंडातील विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, त्यात या झडपांचा पुरावा फार महत्त्वाचा ठरला. तिसरी योजना पोटरीच्या स्नायूंची. आपण पाऊल उचलतो तेव्हा पोटरी आवळते, आतील नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. चालणाऱ्या माणसाच्या घोट्यातील नीलांचा दाब निश्चल उभ्या माणसाच्या मानाने निम्म्याहूनही खाली येतो. म्हणूनच वैद्यकात पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याची चाल पडली आहे.

आता या दुसऱ्या हृदयास काम न देता माणसास नुसते उभे केले, तर काय होते? परळ-लालबागच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे मागापुढे पाळीभर उभी राहिली. दीर्घकाळ उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांतील नीला फुगतात, झडपा निकामी होतात, पोटऱ्यांवर निळ्या गाठी उमटतात आणि पुढे घोट्यापाशी न भरणाऱ्या जखमा होतात, हे वैद्यकशास्त्रास पक्के ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्यांच्या जागी मनोरे व दुकाने आली. पण उभ्याने करावयाची कामे गेली नाहीत. जेथे माग होते तेथे आज विक्रेत्या मुली आणि पहारेकरी दिवसभर उभे असतात. त्यांत आपल्या ज्ञातीची मुलेमुलीही आहेत. त्यांनी तासातासाला दहा-वीस पावले चालावे, उभ्याउभ्या टाचा वरखाली कराव्या, रात्री पाय उशीवर उंच ठेवावे, आणि नीला फुगू लागल्यास वैद्यांस विचारून घट्ट विणीचे मोजे वापरावे. निसर्गाने जिराफालाही असाच मोजा दिला आहे. त्याच्या पायांची कातडी इतकी घट्ट असते की उंच देहाच्या तळाशी रक्त साचू पावत नाही.

याच संदर्भात भाद्रपदातील एक दृश्य सांगण्याजोगे आहे. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ सालची. त्याच्या दर्शनास आजही भाविक तासन्‌तास रांगेत तिष्ठतात. उपास, घाम, उकाडा आणि हालचालीस जागा नाही, अशा स्थितीत रक्त पायांत उतरते, मेंदूस पुरत नाही, आणि मनुष्य पांढराफटक पडून कोसळतो. अशा वेळी भोवतालची मंडळी दयेपोटी त्यास काखेत हात घालून उभा धरतात किंवा खुर्चीवर बसवितात. हे अगदी उलट आहे. मूर्च्छितास त्वरित आडवे निजवावे आणि त्याचे पाय हातभर उंच धरावे, म्हणजे पृथ्वीची जी ओढ वैरीण झाली होती तीच साहाय्य करू लागते. शुद्ध बहुधा मिनिटाभरात येते. ती न आल्यास, किंवा छातीत दुखत असल्यास, क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ओढीची दिशाच फिरविली तर काय होते, हा प्रश्न आपल्याच प्रांतात फार पूर्वी विचारला गेला. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. सर्वांगासन व शीर्षासन करणाऱ्यांचा रक्तदाब यंत्राने मोजून त्याची निरीक्षणे त्यांनी या नियतकालिकाच्या आरंभीच्या खंडांतून प्रसिद्ध केली. योगाविषयी नुसती श्रद्धा बाळगण्यापेक्षा त्याचे मोजमाप घ्यावे, हा त्यांचा बाणा. त्यांच्या संस्थेचे मुंबईतील केंद्र चर्नी रोड स्थानकानजीक मरीन ड्राइव्हवर आहे, हे गिरगावकरांस सांगावयास नको. शीर्षासनात रक्ताचा स्तंभ उलटा होतो, पायांतील रक्त आपोआप हृदयाकडे येते आणि मस्तकातील दाब वाढतो. या आसनात डोळ्यांच्या आतील दाब दुपटीपर्यंत चढतो, असे पुढील काळातील तपासणीत आढळले. म्हणून काचबिंदू, वाढलेला रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी वैद्यांच्या संमतीवाचून हे आसन करू नये.

आता ही ओढ जेथे जाणवतच नाही, त्या ठिकाणाकडे वळू. पृथ्वीभोवती फिरणारे अंतराळयान सारखे पृथ्वीकडे पडतच असते. आतील माणूसही त्याच वेगाने पडतो, आणि म्हणून त्याला स्वतःचे वजन जाणवत नाही. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले. सुमारे आठ दिवसांच्या त्या प्रवासात त्यांनी योगासनांचे प्रयोग केले, ते या भारहीन अवस्थेचा त्रास कमी होतो का हे पाहण्यासाठीच. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, २५ जून २०२५ रोजी, शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकाकडे निघाले आणि १५ जुलैस परतले. अशा प्रवाशांच्या शरीरांत जे घडते ते आता पुष्कळ कळले आहे. पायांकडे ओढणारे कोणी नसल्यामुळे रक्त व इतर द्रव छातीकडे आणि मस्तकाकडे सरकतात. चेहरा सुजतो, नाक चोंदते, पाय बारीक होतात. छातीत रक्त फार झाले असा शरीराचा समज होतो आणि काही दिवसांतच रक्तातील द्रवांश दहा-पंधरा टक्क्यांनी घटतो. हृदयाचा आकार किंचित गोल होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अकरा प्रवाशांपैकी सहा जणांच्या मानेतील नीलेत रक्त थबकलेले अथवा उलट वाहताना आढळले, आणि एकाच्या नीलेत गुठळी सापडली.

हृदय हाही स्नायूच आहे. वर चढविण्यास ओझे उरले नाही की तो कामास लागेल तेवढाच राहतो. अमेरिकेचे स्कॉट केली २०१५-१६ साली ३४० दिवस अंतराळात होते. तेथे ते आठवड्यातील बहुतेक दिवस व्यायाम करीत. तरीही त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचे वजन दर आठवड्यास सुमारे पाऊण ग्रॅमने घटले. त्याहून नवलाची गोष्ट बेनुआ लकोंत या जलतरणपटूची. २०१८ साली त्यांनी पॅसिफिक महासागरात १५९ दिवस पोहून सुमारे अडीच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापले. दिवसाकाठी पाच-सहा तास पोहणाऱ्या या गृहस्थांचेही हृदय जवळजवळ तितक्याच गतीने उतरले. कारण पाण्यात शरीर आडवे असते आणि पाणी ते तोलून धरते. दोघांची हृदये काम उत्तम करीत होती, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. पण उभ्या स्थितीची भर केवळ व्यायामाने पुरी निघत नाही, हा यातील बोध विसरण्याजोगा नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, अंतराळवीरांची ही कथा आम्हांस कशाला? बंधूंनो, अंतराळात न जाताही तेथील अवस्था भोगणारी माणसे आपल्या प्रत्येक बिऱ्हाडात आहेत, आणि ती पलंगावर निजलेली आहेत. संशोधकांना भारहीनतेचा अभ्यास जमिनीवर करावयाचा असतो तेव्हा ते धडधाकट तरुणांना, डोक्याकडची बाजू सहा अंशांनी उतरती ठेवून, आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवितात. काही दिवसांत त्यांच्या रक्ताभिसरणात अंतराळवीरासारखेच फेरफार दिसू लागतात. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरी पाच तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांची श्रम करण्याची शक्ती एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा त्यांची वये पन्नाशीत आली होती. पण त्यांपैकी एकाचीही शक्ती त्या तीन आठवड्यांनंतर होती त्याहून कमी भरली नाही. तीस वर्षांच्या वयाने केले नाही ते तीन आठवड्यांच्या खाटेने केले होते. हे तर तरुणांचे झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सदुसष्टीच्या आसपासची निरोगी माणसे केवळ दहा दिवस अंथरुणावर होती, आणि त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे एक किलोने झिजले.

एके काळी खुद्द वैद्यकशास्त्रानेच विश्रांतीचा अतिरेक केला होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास चार ते सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवीत. त्याला जेवूही दुसऱ्याने घालावयाचे. बॉस्टनचे लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना आरंभापासून आरामखुर्चीत बसविण्यास सुरुवात केली आणि १९५२ साली त्याचे फलित प्रसिद्ध केले. पुष्कळांनी त्यांस वेड्यात काढले, पण रुग्ण अधिक बरे झाले. आता गुंतागुंत नसलेल्या रुग्णास बहुधा एकदोन दिवसांतच उठविले जाते, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरही दुसऱ्या दिवशी उभे करण्याचा प्रयत्न होतो.

आडवे होणे सर्वथा वाईट, असा मात्र याचा अर्थ नव्हे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांकडून रोज अर्धा तास शवासन करविले. त्यांतील पुष्कळांचा दाब उतरला अथवा औषधाची मात्रा कमी करता आली, असे त्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केले. अर्धा तास निजणे हे औषध ठरले आणि तीन आठवडे निजणे हा रोग ठरला. मात्रा ओळखावी, हे आयुर्वेदापासून चालत आलेले तत्त्व येथेही खरे आहे.

आता आपल्या घरांकडे या. गिरगाव ते परळ या टापूत व्यवसाय करीत असता आम्हांस एकच प्रकार पुनःपुन्हा आढळला आहे. आजोबांना ताप येतो किंवा त्यांचे एखादे लहानसे ऑपरेशन होते. घरची माणसे मोठी मायाळू. “तुम्ही उठू नका, सगळे हातात मिळेल,” असे सून म्हणते. पाणी हातात, जेवण हातात, भांडेही पलंगापाशी. भेटीस येणारे आप्तही पडून राहण्याचाच सल्ला देतात. पंधरवडा जातो. मग एके रात्री आजोबांना लघवीस जावेसे वाटते, कोणाची झोप मोडू नये म्हणून ते अंधारात एकदम उठतात, आणि घेरी येऊन पडतात. खुबा मोडतो, आणि पुन्हा अंथरूण! लोक म्हणतात, वयच झाले होते. वय होते हे खरे. पण मानेतील पहारेकऱ्यांची सवय मोडली होती, रक्तातील द्रव घटला होता, पोटऱ्या झिजल्या होत्या, आणि याची कोणास वर्दी नव्हती. मायेने केलेली शुश्रूषाच अशी घात करून जाते.

याकरिता आमच्या ज्ञातिभगिनींस व बंधूंस आग्रहाच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली विनंती, वैद्यांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर आजाऱ्यास रोज बसवावे, आणि हळूहळू उभे करावे व चालवावे. जेवण पलंगावर न देता खुर्चीवर अथवा टेबलाशी द्यावे. दिवसातून चार वेळा त्यास धरून दारापर्यंत नेणे ही शुश्रूषाच आहे. हे काम एकट्या सुनेच्या माथी न टाकता घरातील पुरुषांनी व मुलांनी वाटून घ्यावे.

दुसरी विनंती, उठण्याची रीत पाळावी. निजलेल्या वृद्धाने आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटे बसावे, पावले वरखाली करावी, आणि आधार धरून उभे राहावे. रात्री दिवा हाताशी असावा. रक्तदाबाची आणि लघवी साफ होण्याची काही औषधे उभे राहताना दाब पाडतात. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर दाब निजून आणि उभ्याने, असा दोन्ही वेळा मोजण्याची विनंती करावी. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला, तर औषधांचा फेरविचार करण्याचे ते कारण आहे. मात्र स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

तिसरी विनंती बाळंतिणीविषयी. सव्वा महिना बाळंतिणीस जपावे ही आपली रूढी चांगली आहे. तेल, शेक आणि सकस आहार यांस आमची ना नाही. पण जपणे म्हणजे निजवून ठेवणे नव्हे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायांच्या नीलांत गुठळी होण्याचे भय नेहमीपेक्षा अधिक असते, आणि निश्चल पडून राहिल्याने ते वाढते. तिला लवकर उठवून घरात फिरू द्यावे. एका पायास सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर ते अंगावर काढू नये.

आपल्या आजीआजोबांची पिढी पाटावर जेवली, जमिनीवर अंथरूण घालून निजली आणि दिवसातून अनेकदा चाळीचे जिने चढली-उतरली. जमिनीवरून उठण्याच्या त्या प्रत्येक खेपेस पृथ्वीची ओढ त्यांच्या हृदयाकडून आणि पायांकडून तालीम करवून घेत होती. त्या दिवसांतील गैरसोयींचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. सामाईक संडास आणि मोडके जिने यांतून सुटका झाली ही आनंदाचीच गोष्ट आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसास लिफ्ट हवीच. पण ज्यांच्याने होते त्यांनी दोन मजले पायी चढावे, दिवसातून काही वेळ जमिनीवर बसावे, आणि आधार घेऊन का होईना, आपले आपण उठावे. ही तालीम फुकट मिळते, आणि ती सोडून दिल्यास काय गमवावे लागते हे अंतराळवीरांनी दाखवून दिले आहे.

कार्यकारी मंडळास शेवटी एक सूचना करतो. आपली संस्था आजारी सभासदांच्या घरी भेट देण्याची प्रथा पाळते. या भेटीस जाणाऱ्यांनी फळांच्या पुडीबरोबर आपला हातही पुढे करावा, आणि शक्य तेथे त्या आजाऱ्यास चार पावले चालवून आणावे. तसेच पुढील संमेलनात वृद्ध सभासदांचा रक्तदाब निजून व उभ्याने मोजण्याची सोय करावी. त्यास एक खाट, एक यंत्र आणि आपल्या ज्ञातीतील दोन तरुण डॉक्टर एवढेच लागेल. खर्च फारसा नाही. यातून एखाद्या घरातील एक जरी खुबा मोडावयाचा वाचला, तरी आमच्या या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

 बराच वेळ आपणांस एका जागी बसविले आहे. तेव्हा आता सर्वांनी सावकाश उठावे, सभागृहात एक फेरी मारावी आणि मगच अल्पोपाहाराकडे वळावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.